माहेरी कुणाला कॅन्सर झाला होता का?

आलेला प्रश्न असा : "मी ३४ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. एक मुलगी आहे. माझ्या वडिलांची आई पन्नाशीच्या आत पोटात पाणी होऊन गेली. मोठी आत्या ३९व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली. आता काकांच्या मुलीला ३६व्या वर्षी तोच आजार निघालाय. धाकटी आत्या येवल्याला असते, पण जमिनीच्या वादानंतर तिच्याशी बोलणं बंद आहे. मी तीन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, वडिलांच्या बाजूचं मुलीकडे येत नसतं. दुसऱ्यांनी रक्ताची एक तपासणी करून सगळं नॉर्मल आहे म्हणून सांगितलं. तिसरे म्हणाले, तपासून करणार काय, उगीच डोक्याला ताप. डॉक्टरांनाच याची माहिती नसते का? मी जायचं कुणाकडे?"

ताई, डॉक्टरांना माहिती नसते का, या प्रश्नाचं उत्तर आडवळणाने देत नाही. हो, आमच्यातल्या बऱ्याच जणांना ती पुरेशी नसते. मी नाशिकमध्ये पंचवीस वर्षं कॅन्सर सर्जन म्हणून काम करते आणि त्यातली बरीच वर्षं मलाही ती पुरेशी नव्हती. तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती कुठून येतात हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी माझ्या हातून काय राहिलं ते सांगते.

२००७ साली निफाड तालुक्यातून एक बाई आल्या. वय ३८, घरची द्राक्षबाग, छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. मी नेहमीसारखं विचारलं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" त्या "नाही" म्हणाल्या. केसपेपरवर मी लिहिलं : फॅमिली हिस्टरी, निल. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, बाई बऱ्या झाल्या. सहा वर्षांनी त्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. बहीण सिन्नरला दिलेली, वय चाळीसच्या आसपास, दोन महिन्यांपासून पोट फुगत चाललेलं. अंडाशयाचा कॅन्सर होता आणि तो पोटभर पसरला होता. दोघी शेजारी बसल्या तेव्हा हळूहळू बाहेर आलं की आई ४१व्या वर्षी छातीच्या गाठीने गेली आणि मावशी त्याच्याही आधी. मी थोरलीला विचारलं, "हे त्या वेळी का नाही सांगितलंत?" त्या सरळ म्हणाल्या, "तुम्ही घरातलं विचारलं होतं. आमच्या घरात कुणालाच नव्हतं."

लग्न झालेल्या बाईचं घर म्हणजे सासर. मी नाशिकची, मराठी बोलणारी, स्वतः लग्न झालेली बाई, आणि मला हे कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. त्यांच्या भावाने त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून घेतला होता. तीन दिवसांचा विधी, कर्ज काढून. कारण एकच, आमच्या घराण्यातल्या बायका चाळिशी ओलांडत नाहीत. म्हणजे साखळी त्या घराला स्वच्छ दिसली होती. ती त्यांनी गुरुजींना सांगितली, कारण गुरुजींनी विचारलं होतं. असा आजार वारशाने येतोय का हे सांगणारी जनुकांची तपासणी २००७ मध्ये महाग होती आणि नाशिकमधून करणं सोपंही नव्हतं. तरी धाकटीला तेव्हाच बोलावून तपासता आलं असतं, तिची बाळंतपणं झालेली होती, अंडाशयं काढण्याचा विषय तिच्यापुढे ठेवता आला असता. ती निदानानंतर तीन वर्षं जगली.

तेव्हापासून मी 'घरात' हा शब्द सोडून दिला. आधी माहेर, मग एकेक नातं नाव घेऊन : आई, मावश्या, आजी, मामा, मग वडील, आत्या, वडिलांची आई, काका, मग मामे, मावस, आते, चुलत भावंडं. आपल्या भाषेने हे काम किती सोपं करून ठेवलंय बघा. आतेबहीण म्हटलं की ती कुठल्या बाजूची, कुणाच्या पोटची, हे त्या एका शब्दातच येतं. फक्त विचारणाऱ्याने तो शब्द उच्चारायला हवा. पंचवटीत आणि त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांमध्ये गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांपर्यंतची नावं निघतात. आम्ही कागदावर वंशवृक्ष काढतो तो त्याच जातीचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून भरायचा, हयात नसेल तर तिरकी रेघ. फरक इतकाच, की त्या वह्यांत नावं बहुतेक पुरुषांची असतात आणि आमच्या कागदावर लेकी हव्यात, लग्न होऊन गेलेल्या लेकी सगळ्यात आधी. प्रत्येकीपुढे आजार कोणता आणि तो कितव्या वर्षी झाला हे लिहायचं. वय लिहिलेलं नसेल तर त्या कागदाचा निम्मा उपयोग गेला.

आता डॉक्टरांना हे माहीत का नसतं, त्याकडे येते. मी एमबीबीएस झाले १९९३ मध्ये. स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरचा धागा १७व्या गुणसूत्रावर आहे हे अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं, पण बीआरसीए-१ हे जनुक (ते बिघडलं तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ साली आणि १३व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे आज शहरात ज्यांची प्रॅक्टिस सगळ्यात मोठी आणि शब्द सगळ्यात वजनदार, त्या माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या डॉक्टरांच्या पुस्तकात हे प्रकरणच नव्हतं. नंतरच्या मुलांना जनुकशास्त्र शिकवलं गेलं, पण ते पहिल्या वर्षी, मेंडेलच्या वाटाण्यांबरोबर, पेशंटचा चेहरा दिसण्याच्या कितीतरी आधी. वॉर्डात आल्यावर त्या वाटाण्यांचा आणि समोरच्या आत्या-भाचीचा संबंध कुणी जोडून देत नाही. त्यात ओपीडीत एका माणसाला मिळतात पाच-सात मिनिटं. वंशवृक्ष नीट काढायला वीस लागतात.

दुसरंही एक कारण आहे, त्याबद्दल आमच्यात फारसं बोललं जात नाही. ज्या तपासणीचा रिपोर्ट आपल्याला वाचता येणार नाही, ती तपासणी डॉक्टर लिहून देत नाही. तो 'गरज नाही' म्हणतो. त्यात लबाडी नसते, आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीची धास्ती असते. डॉक्टरांच्या सभेत हा विषय मांडते तेव्हा मी नेहमी विचारते, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटला आत्याबद्दल कितीजण विचारतात? हात मोजकेच वर येतात. मावशीबद्दल विचारलं की बरेच येतात. बाईचा आजार आईकडूनच येणार, हा समज डॉक्टरांच्याही डोक्यात इतका घट्ट आहे.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं उत्तर याच समजातून आलं. ही जनुकं स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. प्रत्येक माणसात त्यांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एका प्रतीत बिघाड असेल तर प्रत्येक अपत्याला ती बिघडलेली प्रत जाण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी, आणि देणारी आई असो की बाप. पुरुषाला स्वतःला स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो आणि अंडाशयं त्याला नसतात, त्यामुळे बिघाड त्याच्यातून गुपचूप पुढे सरकतो. तुमच्या काकांनी बहुधा तसाच तो पुढे दिला : आजी, मग काका, मग तुमची चुलतबहीण. ज्या घरात दोन पिढ्या मुलगेच झाले, तिथे हा आजार कधी नव्हताच असं सगळ्यांना वाटत राहतं आणि मग एका नातीला तो अचानक गाठतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी केलेली तपासणी, तुमच्या वर्णनावरून, सीए-१२५ दिसते. हे रक्तातलं एक प्रथिन आहे. अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर ते वाढलेलं असू शकतं, आणि मासिक पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो त्या आजारात) किंवा पोटाच्या टीबीतही वाढतं. आज कॅन्सर आहे का, याचा तो एक कच्चा अंदाज. पुढे होण्याचा धोका वारशाने आलाय का, हे त्यावरून काडीचंही कळत नाही. माझ्याकडे कॅरिओटाइपचा रिपोर्ट घेऊनही लोक येतात. त्यात गुणसूत्रांची संख्या आणि ढोबळ आकार दिसतो. बीआरसीएमधला बिघाड म्हणजे जाडजूड ग्रंथातल्या एका शब्दातलं एखादं अक्षर गळणं, आणि कॅरिओटाइप म्हणजे कपाटात ग्रंथ किती आहेत ते मोजणं. रिपोर्टवर 'जेनेटिक' शब्द असतो, खाली 'नॉर्मल' असतं, आणि माणूस निर्धास्त होऊन जातो. काहीच न तपासण्यापेक्षाही याची मला जास्त भीती वाटते.

तिसऱ्या डॉक्टरांचं उत्तर एके काळी समजण्यासारखं होतं. आज नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुमचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

त्याआधी आजीबद्दल. 'पोटात पाणी होऊन गेली' हे मी दर महिन्याला ऐकते, आणि जुन्या पिढीतल्या बायकांच्या बाबतीत मला त्या शब्दांत अंडाशयाचा कॅन्सर दिसतो. तो लिव्हरचा आजारही असू शकतो, टीबीही असू शकतो. पण पन्नाशीच्या आतली, दारू न पिणारी बाई, आणि तिची मुलगी व नात दोघींना तरुण वयात स्तनाचा कॅन्सर, तर मी वंशवृक्षात तिचा गोल अर्धा भरते आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकते. असाच दुसरा शब्द 'पिशवीचा कॅन्सर'. लोक त्यात तीन वेगवेगळे आजार बसवतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे होतो, या साखळीत त्याची जागा नाही. पिशवीच्या अस्तराचा असेल तर मी आतड्याच्या कॅन्सरबद्दल विचारते. अंडाशयाचा असेल तर बीआरसीए. एका शब्दावर सगळी दिशा बदलते, म्हणून जुनं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा पिवळा पडलेला कागद, काहीही सापडलं तरी आणा. 'काविळीने गेले' यामागेही कधी कधी स्वादुपिंडाचा कॅन्सर असतो, आणि बीआरसीए-२ च्या घराण्यांत तो थोडा जास्त दिसतो.

घरात तीन माणसांना कॅन्सर म्हणजे आनुवंशिकच, असं मात्र समजू नका. तिघा भावांना तोंडाचा कॅन्सर झालेलं घर मी नेहमी पाहते. तिघांच्या खिशात एकच पुडी असते. आई-मुलगी दोघी मशेरी लावणाऱ्या असतात. घर सवयीही वारशाने देतं. सगळे कॅन्सर मिळून शंभरात पाच ते दहाच असे असतात की ज्यांच्या मुळाशी जन्मतः आलेला बिघाड असतो. त्या पाच-दहांना ओळखायच्या खुणा अशा : वय कमी, आजार एकाच बाजूच्या लागोपाठच्या पिढ्यांत, एकाच बाईला दोन्ही स्तनांत किंवा स्तन आणि अंडाशय दोन्हीकडे, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, स्तनाच्या गाठीच्या बायोप्सीवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्या करतात त्या तिन्ही निगेटिव्ह. अंडाशयाचा नेहमीच्या प्रकारचा कॅन्सर असेल तर दुसरी कुठलीच खूण लागत नाही, त्या प्रत्येक बाईची जनुक तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर दिसतो हे खरं आहे. पण 'आपल्याकडे तरुणपणीच होतो' असं म्हणून डॉक्टर गप्प बसतो तेव्हा नेमकी ज्या बाईबद्दल विचारायला हवं तीच निसटते.

आतड्याच्या कॅन्सरबद्दल थोडंसंच. १८९५ मध्ये मिशिगनमधले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आमच्याकडे माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं होतं, तिच्या घराण्याचा तक्ता काढला आणि १९१३ मध्ये छापला. पुढे हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांवर आयुष्य घालवलं आणि त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या आणि पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा वारसा, असलेल्या माणसाची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी केली तर पुष्कळसे कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतात. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्या गाठीवर याच आजारासाठीची चार प्रथिनांची तपासणी केली का, एवढं सर्जनला जरूर विचारा. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट वाचली तेव्हा मला निफाडचं ते घर आठवलं. दोघींच्या घरांना सारखंच दिसलं होतं. एकीच्या डॉक्टरने ते लिहून घेतलं.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही स्वतःची तपासणी आज करू नका. आधी चुलतबहिणीची करायची. हे उलटं वाटेल, पण कारण ऐका. आजार तिला झालाय, म्हणजे बिघाड असेल तर तो तिच्यात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिच्यात सापडला की नेमकं कुठलं अक्षर चुकलंय ते कळतं आणि मग घरातल्या बाकीच्यांना फक्त तेवढंच बघावं लागतं. तुम्ही आधी केलीत आणि निगेटिव्ह आली, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, बिघाड घरात आहे पण तुम्हाला आला नाही. दुसरा, घरातला बिघाड त्या चाचणीला सापडणाराच नाही. पहिला अर्थ सुटकेचा, दुसऱ्यात काहीच सुटत नाही, आणि तुमच्या एकटीच्या रिपोर्टवरून या दोन्हींत फरक करता येत नाही.

चुलतबहिणीला तिच्या स्वतःच्या उपचारासाठीही ही तपासणी हवी आहे, हे तिच्या डॉक्टरांना जरूर सांगा. बीआरसीएमध्ये बिघाड असेल तर ओलापॅरिबसारखी औषधं वापरता येतात. ती अमेरिकेत पहिल्यांदा २०१४ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली आणि आता पुन्हा उलटण्याचा धोका जास्त असलेल्या, हर-टू निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्येही दिली जातात. दुसऱ्या स्तनाचं काय करायचं, हा निर्णयही या रिपोर्टवर बदलू शकतो. 'तपासून करणार काय' याचं पहिलं उत्तर हे आहे.

तपासणी म्हणजे हाताच्या शिरेतून काढलेलं थोडंसं रक्त. ते लॅबला जातं आणि तीन-चार आठवड्यांनी रिपोर्ट येतो. अनेक जनुकं एकत्र पाहणारं पॅनेल मागा आणि त्यात एमएलपीए किंवा तशी मोठे तुकडे गळालेले शोधणारी पद्धत आहे का ते विचारून घ्या, कारण बीआरसीए-१ मध्ये काही वेळा अक्षर नाही तर आख्खं पानच नसतं. खर्च साधारण पंधरा ते तीस हजारांच्या घरात असतो आणि बहुतेकांना तो खिशातून करावा लागतो. एकदा घरातला बिघाड कळला की पुढच्या नातेवाइकांची तपासणी काही हजारांत होते. हा फरक सांगितला की कितीतरी घरं तयार होतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात असलेल्या जनुकाचं पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला, त्यानंतर बऱ्याच लॅब या कामात उतरल्या आणि किंमती खाली आल्या.

आणखी एक, तपासणीसाठी चुलतबहिणीची केमो संपायची वाट बघायची गरज नसते. आणि कुठल्या घरात आजारी बाईची तब्येत फारच खालावली असेल, तर मी हात जोडून सांगते, रक्त आजच काढून लॅबकडे जपून ठेवायला द्या. ती गेल्यावर उरतो तो पॅथॉलॉजीत गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक, आणि त्यातून दरवेळी काम होत नाही.

रिपोर्टमध्ये तीनपैकी एक गोष्ट असते. बिघाड सापडला, सापडला नाही, किंवा व्हीयूएस. या तिसऱ्यानेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. व्हीयूएस म्हणजे अक्षर वेगळं दिसतंय, पण त्याने अर्थ बिघडतो की नाही हे अजून ठरलेलं नाही. आपल्या लोकांत हे जास्त सापडतं, कारण जगातल्या नोंदींमध्ये भारतीयांची जनुकं कमी आहेत. म्हणून आपला साधा घरगुती वेगळेपणाही संशयित ठरतो. पुढे माहिती वाढते तसे यातले बहुतेक निरुपद्रवी निघतात. व्हीयूएसवरून कुणाचंही ऑपरेशन करायचं नसतं आणि नातेवाइकांना तपासणीला पाठवायचंही नसतं. तरी व्हीयूएसचा रिपोर्ट हातात धरून, स्तन काढून टाकायला सांगितलंय म्हणून रडत आलेली बाई मी पाहिली आहे. सांगणारा डॉक्टर तिच्या काळजीनेच बोलला होता. त्याला रिपोर्ट वाचता आला नव्हता.

समजा चुलतबहिणीत बिघाड सापडला. मग पुढची तपासणी तुमच्या वडिलांची. त्यांच्यात नसेल तर तुम्ही, तुमची भावंडं आणि तुमची मुलगी, सगळे एका रिपोर्टमध्ये मोकळे. त्यांच्यात असेल तर तुमची शक्यता निम्मी, आणि तेव्हा तुमची करायची. वडील "मला काय बायकांचा रोग होणारे" म्हणतील, बहुतेक जण म्हणतात. त्यांना सांगा की बीआरसीए-२ मध्ये पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त आणि लवकर होऊ शकतो, म्हणून चाळिशीपासून रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटचं प्रथिन) तपासायला सांगतात. तरीही नाही म्हणाले तर जबरदस्ती करू नका. तुम्हाला थेट तुमची तपासणी करता येते.

तुमच्यात सापडला तर? आकडे सांगते, कारण अर्धवट ऐकलेले आकडे जास्त छळतात. आपल्या देशात सर्वसाधारणपणे तीसेक बायकांत एकीला स्तनाचा कॅन्सर होतो. बीआरसीए-१ किंवा २ मध्ये बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साठहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी होतो. अंडाशयाचा धोका बीआरसीए-१ मध्ये शंभरात चाळीसच्या पुढे जाऊ शकतो, बीआरसीए-२ मध्ये तो साधारण तेरा ते एकोणतीस असतो. हे सगळे अंदाज आयुष्यभराचे आहेत, उद्या सकाळचे नाहीत.

स्तनासाठी तुमच्या वयात दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, दोन्ही नाशिकमध्येच होतात. अशा देखरेखीत गाठ निघालीच तर ती लहान असताना निघण्याची शक्यता खूप वाढते. दोन्ही स्तन आधीच काढण्याचं ऑपरेशन धोका नव्वद टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त कमी करतं. २०१३ मध्ये अँजेलिना जोली यांनी स्वतःच्या ऑपरेशनबद्दल उघडपणे लिहिलं तेव्हापासून लोक त्याबद्दल विचारतात. पण ते एकमेव उत्तर नाही, आणि कुणी ते तुमच्यावर लादू नये. माझ्या पेशंटपैकी कितीतरी जणी दरवर्षीचा एमआरआय निवडतात आणि मी त्यांच्या बरोबर असते.

अंडाशयाच्या बाबतीत मात्र माझं मत मी मोकळेपणाने आणि ठामपणे देते. तो कॅन्सर लवकर पकडून जीव वाचवेल अशी तपासणी आज नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ वर्षानुवर्षं करून पाहिलं, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ पर्यंत, दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढून टाकाव्यात. दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन आहे, धोका सुमारे ऐंशी टक्क्यांनी उतरतो. पाळी लवकर जाते, त्याचा त्रास होतो, हाडांची काळजी घ्यावी लागते. हे सगळं आधीच बोलून घ्यायचं. आपल्याकडे पिशवी काढलेल्या बायका गल्लोगल्ली आहेत, पण पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली हे निम्म्यांना माहीत नसतं. तुमच्या धाकट्या आत्यांची पिशवी काढली असेल तर हा प्रश्न त्यांना नक्की विचारा.

तुमच्या मुलीची तपासणी आत्ता करायची नाही. ती सज्ञान झाल्यावर, तिच्या इच्छेने. तोपर्यंत तिच्यासाठी काही वेगळं करायचं नसतं. एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत अजून काही घरांत आहे. दोन्हीकडे तोच बिघाड असेल आणि बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या, तर बीआरसीए-२ च्या बाबतीत फँकोनी ॲनिमियासारखा गंभीर आजार होऊ शकतो. ज्या घरात बिघाड सापडलाय तिथे असं लग्न ठरण्याआधी दोघांनी तपासून घ्यावं.

विम्याचं विचाराल म्हणून सांगते. अमेरिकेत २००८ पासून जनुकाच्या रिपोर्टवरून भेदभाव करू नये असा कायदा आहे, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. आरोग्य विमा घेतलेला नसेल तर तपासणीच्या आधी घ्या आणि फॉर्मवर जे विचारलंय ते खरं लिहा.

आता, जायचं कुणाकडे? पहिला माणूस तुमचा फॅमिली डॉक्टर. हसू नका. तीस वर्षं त्याच गल्लीत बसलेल्या डॉक्टरला तुमच्या आजीपासून सगळे माहीत असतात. त्याने फक्त 'माहेरी कोण' एवढं विचारलं आणि कागद पुढे पाठवला तरी निम्मं काम झालं. मग कॅन्सर सर्जन किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट. ज्याच्याकडे जाल त्याला एवढंच विचारा : तुम्ही आधी कुणाची तपासणी कराल? 'तुमची' असं पटकन उत्तर आलं आणि चुलतबहिणीचा विषय निघालाच नाही, तर दुसरीकडे जा. आनुवंशिकतेचं समुपदेशन करणारी प्रशिक्षित माणसं आपल्याकडे कमी आहेत, पण चांगल्या लॅब व्हिडिओ कॉलवर ती देतात, आणि तपासणीच्या आधीही देतात, नंतरच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरचं स्वतंत्र काम चालतं. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून तिथे गेलेली नाशिकची बरीच घरं मला माहीत आहेत. जाताना चुलतबहिणीची बायोप्सी, आयएचसीचा (ईआर, पीआर, हर-टूचा) रिपोर्ट आणि तुम्ही काढलेला वंशवृक्ष बरोबर ठेवा.

तो कागद काढायला बसाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल की एका गोलापुढे तुम्हाला काहीच लिहिता येत नाही. येवल्याची आत्या. त्या तुमच्या आजीच्या पोटच्या आहेत, म्हणजे बिघाड घरात असेल तर तो त्यांच्यात असण्याची शक्यता निम्मी. त्यांना मुली असतील तर त्यांचाही प्रश्न आहे, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नाही. तुमच्या भांडणात त्यांना कुणी चुलतबहिणीच्या आजाराचंही कळवलं नसेल. वडिलांना फोन करायला सांगू नका, जमिनीचा विषय निघेल. तुम्हीच करा. माझ्या पेशंट जे वाक्य वापरतात ते देते : "आत्या, मी बोलतेय. मागायचं-द्यायचं काही नाही. आजी आणि मोठ्या आत्यांच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी तुम्हाला एक गोष्ट सांगायला सांगितलीय." एवढं म्हणून थांबा, त्यांना बोलू द्या. आजी नेमकी कशाने गेली, हे बहुधा त्यांनाच आठवत असेल.